परिपाठ की उरकपाठ?

शाळेच्या दिवसातील पहिल्या पंधरा-वीस मिनिटांना महाराष्ट्रात ‘परिपाठ’ म्हणतात. शब्द मोठा अर्थवाही आहे. परिपाठ म्हणजे नित्यक्रम, कोणी न सांगता रोज आचरणात येणारी गोष्ट. आज मात्र बीड जिल्ह्यातील अनेक शाळांत सकाळी जे घडते, त्याला परिपाठ म्हणणे हा त्या शब्दाचा अवमान ठरेल. घंटा होते, रांगा कशाबशा लागतात. भ्रमणध्वनी ध्वनिक्षेपकाला जोडला जातो आणि त्यातून ध्वनिमुद्रित राष्ट्रगीत वाजू लागते. मुले ओठ मिटून उभी असतात. कोणी एक विद्यार्थी कागदावरचा सुविचार वाचतो, दुसरा कालच्याच बातम्या अडखळत वाचतो. एक शिक्षक छायाचित्र काढून ते केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर धाडतात. छायाचित्र गेले की परिपाठ संपला! याला उरकपाठ म्हणावे, परिपाठ नव्हे.

सुशिक्षित पालकांमध्ये अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. दहा ओळी एकत्र म्हटल्याने असे काय साधते? तेवढ्या वेळात गणिताचा एक तास होईल, शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव होईल. हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. ते शोधण्यासाठी शिक्षणशास्त्राचे ग्रंथ उघडण्याची गरज नाही. मराठवाड्याच्या माणसाने आपल्याच इतिहासाची काही पाने उलटली तरी पुरे.

१९३८ चा नोव्हेंबर महिना. औरंगाबाद येथील इंटरमीजिएट महाविद्यालयाच्या वसतिगृहात विद्यार्थी आपल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणत असत. निजामाच्या शासनाला ते खपले नाही. बंदी घालण्यात आली. विद्यार्थ्यांनी बंदी मानली नाही आणि ही ठिणगी थेट हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचली. शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. एक प्रार्थना सोडायची की पदवी, असा तो सरळ व्यवहार होता. त्या पोरांनी पदवी सोडली. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. या निष्कासित विद्यार्थ्यांमध्ये भारताचे भावी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव होते, हे आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

हा प्रसंग अभिमानाने सांगून थांबण्यासाठी नाही. त्यातून एक प्रश्न उभा राहतो. निजामाजवळ फौज होती, पोलीस होते, तुरुंग होते. सभा भरवायची तर परवानगी घ्या असे बजावणारी कुप्रसिद्ध ‘गश्ती ५३’ होती. असे बलाढ्य शासन वसतिगृहातील पोरांच्या काही मिनिटांच्या प्रार्थनेला का घाबरले? कारण एका स्वरात, एका वेळी, एकाच गोष्टीचे स्मरण करणारी शंभर मुले म्हणजे काय, हे त्या शासनाला नेमके कळले होते. ज्या गोष्टीचे सामर्थ्य शत्रूने ओळखले, तिचे मोल आपण मात्र भ्रमणध्वनीच्या ध्वनिमुद्रणावर सोपवून मोकळे झालो आहोत.

आणि ही गोष्ट केवळ औरंगाबादची वा हैदराबादची नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे राजकारणात येण्यापूर्वी शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुले घडविली. संस्थानी मुलखात उर्दूचे वर्चस्व असताना मराठी शाळा चालविणे हेच तेव्हा एक व्रत होते. अशा शाळेत सकाळी मुले एकत्र उभी राहत, तेव्हा ती केवळ हजेरीसाठी नसत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्याची पूर्वतयारी अशा अंगणांतही झाली होती.

आता आजच्या बीडकडे पाहू. पाहताना मन विषण्ण होते, परंतु डोळे झाकून चालणार नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागून माजलगाव आणि बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटविण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि जिल्ह्याचे नाव महिनोन्महिने देशभरातील वृत्तवाहिन्यांवर झळकत राहिले. प्रत्येक घटनेचा अर्थ जातीच्या चष्म्यातून लावला जाऊ लागला. कोणाच्या दुकानातून वाण्याचे सामान घ्यायचे आणि कोणाच्या नाही, इथपर्यंत बोलणी गेली. अखेर २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पोलीस दलाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या नामफलकांवरून आडनावे काढून केवळ नाव ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. पोलिसांना आडनाव झाकावे लागावे, इतकी आडनावे धारदार झाली आहेत.

अशा जिल्ह्यात सर्व जातींची, सर्व आळ्यांची, सर्व वाड्यावस्त्यांची मुले रोज एकाच रांगेत, केवळ उंचीच्या क्रमाने उभी राहतात, अशी जागा कोणती उरली आहे? देऊळ आपापले, जयंती आपापली, मिरवणूक आपापली, ध्वजाचा रंगही आपापला. उरले एकच अंगण, शाळेचे. आणि तेच अंगण आपण उरकून टाकतो!

येथे एक साधी सूचना करावीशी वाटते. परिपाठात विद्यार्थ्याचा उल्लेख करताना केवळ त्याचे नाव घ्यावे, आडनाव घेऊ नये. ‘आजचा दिनविशेष सांगेल इयत्ता सातवीची सुनीता.’ बस. यात नवे काही नाही. आपल्या कार्यपद्धतीत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे आणि त्याचा गाजावाजा आपण कधी केला नाही. जे पोलीस दलास आज सुचले, ते शाळेला सुचण्यास अडचण कोणती? मात्र एवढ्याने भागणार नाही. समोर येऊन बोलणारी मुले कोण असतात, हेही तपासावे लागेल. गुरुजींचा पुतण्या, सरपंचांची कन्या आणि स्पष्ट उच्चारांची दोन-चार हुशार मुले, हीच नावे वर्षभर फिरत असतील, तर रांग एक असूनही अंगण दुभंगलेलेच आहे. तांड्यावरचे पोर, पालावरचे पोर, अडखळत बोलणारे पोर पुढे कधी येणार? उच्चार शुद्ध झाल्यावर त्याला पुढे आणू, असे म्हणणारे शिक्षक भेटतात. पुढे आल्याशिवाय उच्चार शुद्ध व्हायचे कसे, हे ते सांगत नाहीत.

परिपाठाचे नियोजन ही काही अवघड विद्या नाही. तिला पैसा लागत नाही. लागतो तो आदल्या दिवशीचा थोडा वेळ, आणि नेमका तोच दिला जात नाही. सकाळी रांगा लागल्यावर ‘अरे, आज बातम्या कोण वाचणार?’ असे विचारणाऱ्या शाळेत परिपाठ होणे शक्य नाही. शनिवारी शाळा सुटताना पुढच्या सहा दिवसांचा तक्ता भिंतीवर लागलेला असावा. कोणत्या दिवशी कोणत्या वर्गाकडे जबाबदारी, कोणत्या मुलाकडे कोणते काम, हे त्यात स्पष्ट असावे. ज्याला बोलायचे आहे, त्याने आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत एकदा गुरुजींना म्हणून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांत मुलाच्या मनातील भीती निम्मी जाते, आणि उरलेली निम्मी समोर उभे राहिल्यावर जाते.

गायनाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तेथेच सर्वाधिक हेळसांड आहे. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत म्हणायचे असते. ते ओढत ओढत दीड मिनिटावर नेणे हा आदर नव्हे, आळस आहे. प्रार्थनेचा पहिला स्वर बहुधा कोणी तरी उत्साहाने फार वरचा लावतो. तिसऱ्या ओळीपर्यंत मुलांचे गळे ताणले जातात आणि मग अर्धी मुले किंचाळतात, अर्धी गप्प होतात. पेटी असेल तर सूर आधी पेटीवर धरावा. पेटी नसेल तर गावातील भजनी मंडळात पेटीवाले बुवा असतात. त्यांना महिन्यातून दोन सकाळी बोलावले तर त्यांना आनंदच होईल. बीड जिल्ह्यात ज्या गावात भजनी मंडळ नाही असे गाव शोधावे लागेल, आणि तरीही शाळेत गाणे यंत्रातून वाजते, यासारखा विरोधाभास नाही. ध्वनिमुद्रण शिकण्यापुरते आठवडाभर लावावे, नंतर ते बंद करावे. बेसूर का होईना, मुलांनी स्वतः गायलेलेच राष्ट्रगीत खरे.

म्हणायच्या गोष्टीही गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. प्रार्थना आणि प्रतिज्ञा होतीच. २०२० पासून संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन आले आणि २०२३ मध्ये राजा बढे यांच्या गीताला राज्यगीताचा दर्जा मिळाल्यावर तेही आले. यांपैकी प्रत्येक गोष्ट योग्यच आहे. परंतु एकामागून एक सारे घोकून टाकले, तर एकाही गोष्टीचा अर्थ मनात उतरत नाही. प्रतिज्ञा घ्या. ती १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या कोषागार अधिकाऱ्याने तेलुगू भाषेत लिहिली. सरकारी कचेरीत बसणाऱ्या एका माणसाचे शब्द आज देशभरातील मुलांच्या मुखी आहेत. ही गोष्ट मुलांना एकदा सांगून पाहा, दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञेचा आवाज बदललेला आढळेल. दर आठवड्याला एकाच रचनेच्या एकाच ओळीचा अर्थ उलगडावा. पसायदानात ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचे दुष्टपण जावे असे मागितले आहे. आजच्या बीडमध्ये यावर पाच मिनिटे बोलायला एखाद्या शिक्षकाला विषय कमी पडेल काय?

प्रार्थना कोणती असावी, यावरही वाद घातले जातात. चित्रपटातील गीत शाळेत नको, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटातील भरत व्यासांची प्रार्थना म्हणत दोन पिढ्या वाढल्या, आणि त्या बिघडल्या नाहीत. २०१७ च्या ‘उबंटू’ चित्रपटातील समीर सामंत यांची प्रार्थना आज शाळाशाळांत ऐकू येते. ती चांगली आहे, जरूर म्हणावी. उगम चित्रपटाचा की ग्रंथाचा, हा प्रश्न दुय्यम आहे.

सुविचारांबद्दल मात्र कठोर बोलणे भाग आहे. भ्रमणध्वनीवरून आलेले कोणतेही वाक्य स्वामी विवेकानंदांच्या किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावर खपविले जाते. ते त्यांनी कोठे लिहिले, कधी म्हटले, याची विचारपूस नाही. शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असत्य हे बाजारातील असत्यापेक्षा वाईट. मूळ सापडत नसेल तर नाव लिहू नये, एवढा नियम पाळावा.

दिनविशेषाचेही तेच. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतून जगभरचे ‘दिन’ वाचले जातात. १० ऑगस्ट रोजी गेवराई तालुक्यातील किती शाळांत राक्षसभुवनचे नाव निघते? १७६३ मध्ये त्याच दिवशी, त्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. दहावीच्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असलेला तो तरुण! अंबाजोगाईच्या मुलांना मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ आणि दासोपंतांची पासोडी यांविषयी परिपाठात ऐकायला मिळाले पाहिजे. कागदाऐवजी लांबलचक कापडावर ग्रंथ लिहून काढणारा माणूस आपल्याच गावचा होता, हे ऐकून कोणत्या मुलाचे डोळे विस्फारणार नाहीत? बीड तालुक्यातील मुलांना कपिलधारच्या मन्मथस्वामींचा परिचय हवा. परळीच्या मुलाला वैद्यनाथ ठाऊक असतोच, पण ते देवालय कसे आहे, दगड कोणता आहे, हे त्याने स्वतः जाऊन पाहून सांगितले तर तो त्याचा दिनविशेष झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दसरा झाला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील शाळांच्या रांगा एका पंधरवड्यात विरळ होतात. काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि बरीच आई-बापाबरोबर फडावर जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली, तिचे स्वागतच आहे. परंतु कोपीत राहणाऱ्या, पाचट गोळा करणाऱ्या, धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीपाशी त्या सहा महिन्यांत शाळेचे काय उरते? पुस्तके ट्रॅक्टरच्या सामानात दबतात. वही चुलीजवळ जाते. उरते ते पाठ झालेले. प्रार्थना, पाढे, प्रतिज्ञा, एखादी गोष्ट. जून ते ऑक्टोबर या चार-पाच महिन्यांत परिपाठातून जे तोंडी मुखोद्गत झाले, तेवढीच शाळा ती मुलगी बरोबर नेऊ शकते.

म्हणून या जिल्ह्यात परिपाठाचे नियोजन जूनपासूनच या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून झाले पाहिजे. निघण्यापूर्वीच्या परिपाठात त्यांना पुढे बोलवावे, कोण कोणत्या कारखान्याकडे चालले आहे ते सर्वांना सांगावे, नकाशावर ते ठिकाण दाखवावे. हंगाम चालू असताना आठवड्यातून एकदा त्यांची नावे परिपाठात घ्यावीत. जे मूल रांगेत नाही ते कोठे आहे, हे रांगेतल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. आणि हंगाम संपून ती परततील तेव्हा त्यांना शेवटच्या रांगेत ढकलू नये. त्यांनी काय पाहिले ते त्यांना सांगू द्यावे. भाषा घसरेल, शब्द ग्रामीण येतील, येऊ देत. कारखान्याची भोंग्याची वेळ, मोळी बांधण्याची रीत, वजनकाट्यापुढची वाहनांची रांग हे सारे ज्ञान आहे, आणि ते शिक्षकाजवळही नाही.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्यातील तो नीचांक होता. त्या गणनेतील मुली आज पौगंडावस्थेत आणि तारुण्यात आहेत. परिपाठात स्वागतगीत म्हणायला, ओवाळायला, पाहुण्यांना गुलाबपुष्प द्यायला मुली लागतात. आज्ञा द्यायला मात्र मुलगा! ‘सावधान’ ही आज्ञा मुलीच्या आवाजात अंगणभर घुमली पाहिजे आणि तीनशे मुलांनी ती पाळली पाहिजे. बेटी वाचवण्याच्या भिंतीवरील घोषणांपेक्षा ते अधिक परिणामकारक होईल.

शाळेतील प्रार्थनेला आक्षेप घेणारा एक वर्ग आहे, त्याचाही विचार करू. केंद्रीय विद्यालयांत म्हटल्या जाणाऱ्या, असत्याकडून सत्याकडे ने अशी याचना करणाऱ्या उपनिषदातील मंत्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये द्विसदस्यीय पीठाने ते प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यास सांगितले. ज्या न्यायालयाचे ब्रीदवाक्यच महाभारतातून आलेले आहे, तेथे हा वाद जावा याला काय म्हणावे? संस्कृत भाषेत असणे एवढ्याने एखादे वाक्य सांप्रदायिक ठरत नाही. सत्य कोणत्या एका पंथाच्या मालकीचे असते? या आक्षेपकांचा युक्तिवाद मान्य केला, तर शाळेच्या अंगणात मौनाखेरीज काही शिल्लक राहणार नाही.

परंतु दुसरी बाजूही आपल्यातील काहींना ऐकवली पाहिजे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतील मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करण्यास मनाई केली आहे. केरळमधील तीन भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहूनही ते गायले नाही म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि आपली परंपरा सहिष्णुतेची असल्याचे स्मरण करून दिले. निकाल अनेकांना रुचला नाही. तरीही विचार करावा. सक्तीने उच्चारवून घेतलेल्या शब्दाला मोल कसले? १९३८ ची पोरे सक्तीविरुद्धच तर उभी राहिली होती! बीडमध्ये मुस्लिम समाज मोठ्या संख्येने आहे. त्यांची मुले राष्ट्रगीताच्या, प्रतिज्ञेच्या वेळी त्याच रांगेत उभी असतात. त्या मुलांकडे संशयाने पाहत, कोणाचे ओठ हलतात ते मोजत उभा राहणारा शिक्षक परिपाठ घेत नसतो, पहारा देत असतो. जी गोष्ट सुंदर आहे ती उत्तम रीतीने म्हटली गेली, तर शेजारचे मूल आपोआप गुणगुणू लागते.

एक जळजळीत वास्तव बोलून टाकतो. परिपाठाचा खरा शत्रू आक्षेपक नव्हे, तर सत्कार आहे. संस्थाचालकांचा वाढदिवस, पुढाऱ्यांचे आगमन, वह्यावाटप आणि त्यापाठोपाठ भाषणे. १५ ऑगस्टला पाहुणे येईपर्यंत मुले तास-दीड तास उभी असतात. एखादे मूल भोवळ येऊन पडते आणि त्याला सावलीत नेऊन भाषण पुढे चालू राहते. ज्या शाळेत पाहुण्यासाठी ध्वजारोहण थांबते, तेथे राष्ट्र मोठे की पाहुणा मोठा, याचे उत्तर मुलांना त्याच दिवशी मिळून गेलेले असते. पाहुणा उशिरा आला तर मुख्याध्यापकांनी अथवा शाळेच्या सेविकेने वेळेवर ध्वज फडकवावा. तसे करण्याचे धाडस एखाद्या मुख्याध्यापकाने दाखविले, तर त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी आपली, गावातील पालकांची आणि कार्यकर्त्यांची आहे.

आणि हे केवळ बोलण्यापुरते नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीच्या सभेत शौचालय, पोषण आहार आणि संरक्षक भिंत यांवर चर्चा होते. परिपाठ विषयपत्रिकेवर येत नाही, कारण कोणी तो मांडत नाही. दसऱ्यापूर्वीच्या सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. पुढच्या आठवड्याचा तक्ता भिंतीवर आहे काय? या सत्रात किती वेगवेगळी मुले पुढे येऊन बोलली? आणि फडावर निघालेल्या मुलांची यादी कोणापाशी आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टोळ्या निघण्याच्या आधी मिळाले पाहिजे, नंतर ते मुकादमाच्या वहीतच सापडते.